आरशासारखी गिटार

फर्निचरच्या कारखान्यात तीस वर्षं पॉलिशचं काम केलेल्या या माणसाला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी पॉलिश केलेल्या टेबलात बघून भांग पाडता येतो, अशी ख्याती होती. ती त्यांनी स्वतःच पसरवली होती, पण खोटी नव्हती. माणूस लाखात एक. खोड एकच, डाग दिसला की जीव कासावीस व्हायचा. बसमध्ये समोरच्या सीटवर कुणी नाव कोरलेलं दिसलं, तर घरी येऊन अर्धा तास धुसफुसायचे.

लेक सोळा वर्षांची होती. मैत्रिणीच्या इलेक्ट्रिक गिटारवर शिकली आणि स्वतःची हवी म्हणून हात धुऊन बापाच्या मागे लागली. दुकानात एक वापरलेली होती, कडेचा रंग उडालेली. तिला ती चालणार होती. मास्तरांनी उलटीपालटी करून पाहिली आणि नाक मुरडलं.

“हे पॉलिश आहे की खरूज? मी बनवतो तुला. घरात कारागीर असताना बाहेरचं कशाला?”

“पण बाबा, किती दिवस लागतील?”

“दोन महिने. डोक्यावरून पाणी.”

लागले नऊ. बोटं दाबायची ती मान पडद्यांसकट तयार मागवली, खुंट्या, तारा आणि तारांचा आवाज पकडणारे चुंबकाचे तुकडे वेगळ्या पार्सलने आले. धड मात्र मास्तरांनी स्वतः कापलं, जुन्या मेजाच्या जाड फळीतून. रविवार त्यात गेले. पहिल्यांदा जोडून चालू केली तेव्हा गाण्याऐवजी घूं घूं असा आवाज यायला लागला. “भुंगा शिरलाय वाटतं,” असं बायको म्हणाली. तारा बसतात त्या पट्टीला अर्थिंगची वायर जोडायचीच राहिली होती. तीही जोडली. तिसऱ्या महिन्यातच गिटार वाजायला लागली, हे इथे मुद्दाम सांगायला हवं.

घोडं अडलं ते पॉलिशवर. त्यासाठी सगळं पुन्हा सुटं केलं. पॉलिशच्या थराला कारखान्यात ‘हात’ म्हणतात. मास्तर एक हात मारायचे, आठवडाभर सुकवायचे, ओल्या कागदाने घासायचे, उजेडात तिरकी धरून बघायचे आणि म्हणायचे, “अजून एक हात.” लेक रोज शाळेतून आल्यावर बाल्कनीत टांगलेल्या त्या धडाकडे बघायची. मैत्रिणींनी चौघींचा ग्रुप काढला होता आणि तिची जागा राखून ठेवली होती.

“बाबा, पुरे आता. मला चालेल अशीच.”

“तुला चालेल गं. मला नाही चालत.”

“अहो, तिच्या लग्नात द्यायचीय का?” बायको आतून विचारायची.

अठरा हात झाले तेव्हा गिटार मिळाली. शेजारीपाजारी येऊन तोंडात बोट घालून गेले. लेकीने ती गळ्यात अडकवली आणि वाजवायला लागली. मान हलवत, डोळे मिटून. मास्तर समोरच्या खुर्चीत बसले होते. आयुष्यात इतकं सुख त्यांना कधी झालं नव्हतं, असं ते पुढे बायकोला म्हणाले. तेवढ्यात तिच्या शर्टाचं धातूचं बटण लाकडावर घासलं आणि केसाएवढी रेघ उमटली.

“च्!”

एवढंच. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. जिभेने टाळूला केलेला तो आवाज त्यांच्याही नकळत निघाला. लेकीने डोळे उघडले, रेघ पाहिली, बापाचा चेहरा पाहिला. गाणं अर्धंच राहिलं.

पुढचे दिवस सूचनांचे होते. आधी हात पुसून घे. खुर्चीला टेकवू नको. उन्हात नेऊ नको. ग्रुपमध्ये नेणार असशील तर या कापडात गुंडाळून ने. तिने ग्रुपमध्ये नेलीच नाही. तिथे पुन्हा मैत्रिणीचीच वाजवायची. घरी वाजवायची ती मास्तर कामावर गेल्यावर, आणि त्यांची पावलं ऐकू आली की गिटार तिच्या पेटीत बंद. वाजव ना गं जरा, असं ते म्हणायचे. बोटं दुखतायत बाबा, असं ती म्हणायची.

अशीच काही वर्षं गेली. कारखान्यातल्या सुताराने एकदा विचारलं, “मास्तर, भाच्याला गिटार हवीय. सुटे भाग आणून घरी बनवणं परवडतं का?”

मास्तरांनी लाकूड, वायरी, पॉलिश यावर भरभरून सांगितलं. सुतार तल्लीन होऊन ऐकत होता.

“आणि वाजते कशी?”

मास्तर अडखळले. “चांगली वाजत असेल की,” असं म्हणून त्यांनी ब्रश उचलला. आपण नऊ महिने खपून बनवलेली गिटार आपण अर्ध्या गाण्यापलीकडे ऐकलेली नाही, हे त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं. त्याचं कारणही ध्यानात आलं. पण लेक तोवर नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली होती, आणि अशी गोष्ट फोनवर काय बोलणार? काढू काढू म्हणत विषय राहून गेला.

वर्षाने ते तिच्या बिऱ्हाडी गेले, न कळवता. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातच आवाज कानावर आला. लेक वाजवत होती. मधूनच चुकत होती, हसत होती, तीच ओळ परत घेत होती. मास्तर तिथेच पायरीवर बसले. वरून उतरणाऱ्या बाईंनी कोण हवंय विचारलं, तेव्हा दम लागलाय म्हणाले. आत गेलो की हे थांबणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तीन गाणी झाल्यावर लेकच कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आली.

“बाबा! इथे काय बसलात? कधी आलात?”

“आत्ताच.”

आत पलंगावर गिटार पडली होती. कुठल्याशा जुन्या वस्तूंच्या दुकानातली, कडा उडालेली, अंगभर स्टिकर आणि चहाचे ठिपके. मास्तर त्या गिटारकडे बघत राहिले. लेकीला वाटलं, बाबांना वाईट वाटलं. तिने लगबगीने कपाट उघडलं आणि कापडात गुंडाळलेली पेटी त्यांना दाखवली.

“तुमची जपून ठेवलीय, बाबा. बघा हवं तर. पुन्हा एकही ओरखडा पडू दिला नाही मी.”