होडीच्या पट्ट्याचा रंग

पनवेलच्या कोळीवाड्यात गंगाबाईंची होडी लांबूनही ओळखू यायची, ती काठावरच्या पट्ट्यामुळे. रंग गुलाबी म्हणावा तर तसा नव्हे, जांभळा तर मुळीच नव्हे. नारळी पुनवेच्या आधी नवरा डब्यात काठी फिरवत तो स्वतः कालवायचा, आणि काय काय घातलं विचारलं तर नुसता हसायचा. हिवाळ्यात तो गेला आणि रंगही घेऊन गेला.

यंदा मुलगा, कल्पेश, बाजारातून तयार डबा घेऊन आला. गंगाबाईंनी झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं.

"ह्यो त्यांचा रंग नाय," त्या म्हणाल्या. "परका पट्टा बगून त्यांनी आपली होडी वलखायची कशी?"

गेलेला माणूस खाडीवर आपली होडी शोधत फिरतो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. एकदा मनाने घेतलं की कुणाची हुज्जत चालत नसे, कल्पेशची तर नाहीच.

नात रिया कॉलेजात इंग्रजी शिकत होती. डब्यावरचं इंग्रजी नाव वाचून ती म्हणाली, "आजी, पिंक हे आधी एका फुलाचं नाव होतं. कातरल्यासारख्या पाकळ्यांचं फूल. मग लोक रंगालाच पिंक म्हणायला लागले."

"मंजी आपला गुलाबी गुलाबावरनं, तसा?"

"अगदी तसंच."

मग नवऱ्याच्या रंगाचंही कुठंतरी फूल असणार, एवढंच गंगाबाईंच्या डोक्यात राहिलं. दुपारी डोळा लागतो न लागतो तोच समोर उरणचा किनारा पसरला. लग्न नवं होतं. जाळं वाळत होतं, आणि तो वाळूत पालथा पडून वाळूवर पसरलेल्या मर्यादवेलीच्या ना गुलाबी ना जांभळ्या फुलात बोट घालून बघत होता. वारा सुटला होता, आणि कुणालाच कसली घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या रियाला घेऊन उरणला गेल्या आणि ओल्या फडक्यात फुलं घेऊन परतल्या. कल्पेशने गुलाबीत थेंब थेंब निळा घातला. त्या फूल धरून नाय, नाय म्हणत राहिल्या, आणि शेवटी फूल नि रंग वेगळे दिसेनात. त्यांना रडू आवरेना.

संध्याकाळी शेजारचा काळूराम ओल्या पट्ट्यापाशी थांबला. "वयनी, काय म्हनायचं या रंगाला?"

उखाण्यापलीकडे जन्मात कधी घेतलं नव्हतं ते नवऱ्याचं नाव त्यांनी हळूच घेतलं.

"विठू."