डोन्या झुनिल्दाची वीतभर माती

डोन्या झुनिल्दा पिउकोल हिची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ती चौदा फूट उंच होती. तिचे खांदे आमच्या चर्चच्या दरवाजात मावले नसते. तिच्या हातात एक अख्खा देवमासा होता, आणि तो तिने शेपटीकडून धरून माझ्या थोबाडावर मारला. मी पडलो, उठलो, तिने पुन्हा मारला. मला माझं सबंध आयुष्य डोळ्यांपुढून जाताना दिसलं, आणि ते इतकं कंटाळवाणं होतं की मध्येच मला डुलकी लागली.

शुद्धीवर येऊन नीट पाहिलं तर डोन्या, म्हणजे बाईसाहेब, माझ्या बरगडीला लागत होती, आणि देवमासा म्हणजे समुद्रातून ओढून आणलेल्या शेवाळाची ओली जुडी होती. जुडीत चार शिंपले अडकलेले होते. चारांचेही ठसे आठवडाभर माझ्या गालावर होते.

झालं होतं एवढंच की मी नुकतीच जुनी मोटरहोडी घेऊन चिलीच्या दक्षिणेकडल्या चिलोएच्या या बेटावर माल पोचवायचा धंदा सुरू केला होता, आणि झुनिल्दाचा गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन किनाऱ्यावरून सरळ तिच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे निघालो होतो. अगदी सरळ.

"वाफ्यात पाय देतोस, मेल्या?"

"कसला वाफा, डोन्या? इथे तर नुसता कचरा आहे."

पहिला तडाखा पायाबद्दल होता. दुसरा 'कचरा' या शब्दाबद्दल.

आता खरं सांगतो, तो कचराच दिसायचा. समुद्राच्या काठाला उतरत जाणारी टेकडीची एक पट्टी, आणि तिच्यावर भिजलेले पुठ्ठे, कुजकं गवत, मेंढ्यांचं लेंडीखत, लाकडाचा भुसा आणि या सगळ्यावर हातभर शेवाळ. वास असा की समुद्रपक्षी वळसा घालून जायचे. त्या घाणीच्या खाली वसंतात ती बटाटे ठेवायची. पुरायची नाही, नुसते जमिनीवर ठेवायची आणि शेवाळाने झाकायची, लहान मुलाला पांघरूण घालावं तसं. तिच्या कुदळीला गंज चढला होता. नांगर तर तिने जाळून त्यावर मटण भाजलं होतं.

यामागे कारण होतं. तिचा नवरा सोफानोर तीस वर्षं तीच पट्टी नांगरत आला. आमच्याकडे पाऊस थांबतो तो फक्त दम खायला. दर हिवाळ्यात नांगरलेली माती तपकिरी ओघळ होऊन खाली समुद्रात जायची. सोफानोर गेला तेव्हा वर फक्त पांढरी चिकणमाती उरली होती. त्याला पुरायचा खड्डा खणताना सुद्धा काळी माती लागली नाही. पुढे कास्त्रो शहराहून एक दाढीवाला तरुण आला आणि चर्चच्या पडवीत त्याने दोन दिवस व्याख्यान दिलं. नांगरू नका, खणू नका, जमीन कधी उघडी ठेवू नका, माती जिवंत आहे, तिच्यावर प्रेम करा. सगळं बेट गेलं होतं, कारण दुपारचं जेवण फुकट होतं. ऐकलं फक्त झुनिल्दाने. मातीवर प्रेम करायचं तिला पटलं. माणसांबद्दल दाढीवाला काही बोलला नव्हता, म्हणून तिने तो विषय तसाच सोडला.

माझ्या ओळखीच्या पहिल्या चार वर्षांत त्या बागेपायी जेवढं रक्त सांडलं तेवढं आमच्या खाटकाने सांडलं नसेल. भल्या सकाळी ती शिवणकामाची कात्री घेऊन वाफ्यांत उतरायची आणि एकेका गोगलगाईचे दोन तुकडे करायची. प्रत्येकीला "जा देवाघरी" म्हणायची. तिची शेजारीण सांगायची की तो आवाज जपमाळेसारखा वाटतो, फक्त मध्ये मध्ये कच्‌ कच्‌ होतं. मग गोगलगाई खायला तिने एक बदक नोकरीवर ठेवलं. बदकाला गोगलगाईपेक्षा कोवळा कोबी आवडतो असं तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. चौथ्या दिवशी बदकाचा रस्सा होता. एका कुत्र्याचं शेपूट गेलं. एका मेंढपाळाचा अंगठा मोडला, तो फक्त कुंपणावरून हात घालून "ही गांडुळं केवढी!" असं दाखवत होता.

आणि बेलार्मिनोचं डुक्कर. बेलार्मिनो ओयार्सो म्हणजे आमच्या बेटावरचा पहिल्या नंबरचा नांगऱ्या. क्लावेल आणि लिंदो ही त्याची बैलजोडी. नांगराचा तास असा सरळ घालायचा की शाळेतली मुलं त्यावर पट्टी धरून रेघा मारतील. तो झुनिल्दाच्या मुलीचा धर्मपिता होता, म्हणजे ही दोघं एकमेकांची कोम्पाद्रे आणि कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा जड. कोम्पाद्रेला कधी अरेतुरे करायचं नाही, मग तुम्ही त्याचा गळा का दाबत असेना. तर त्याचं डुक्कर वाफ्यात शिरलं आणि नाकाने माती उकरायला लागलं. झुनिल्दाने कुऱ्हाड घेतली. संध्याकाळी अर्धं डुक्कर ढकलगाडीत घालून ती त्याच्या दारात उभी.

"कोम्पाद्रे, आपलं डुक्कर माझ्याकडे आलं होतं. हे अर्धं आणलंय."

"आणि बाकीचं अर्धं, कोमाद्रे?"

"ते बागेने ठेवून घेतलं."

बेलार्मिनो हे ऐकून रागावला नाही. त्याला वाईट वाटलं ते बागेचं. "बाई एकटी पडली," तो मला म्हणाला. "नांगर मागायला लाजते. म्हणून शेवाळ पांघरून बसलीये. मला दार उघडून नुसतं 'या' म्हणाली असती तर एका सकाळीत नांगरून दिलं असतं."

मूर्खपणाचं बी हे असं पडलं. त्याला पाणी मी घातलं.

त्या वर्षी सप्टेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या वसंतात, झुनिल्दाच्या पित्ताशयात खडे निघाले. मी तिला होडीतून कास्त्रोला नेलं, तिचं पोट कापलं, नऊ टाके पडले. बटाटे लावायचे दिवस तोंडावर आणि बाई इस्पितळात. मला भरून आलं. आमच्याकडे मिंगा घालतात. ज्याचं काम अडलंय तो दारोदार जाऊन विनवतो, सगळे येतात, एका दिवसात काम उरकतात आणि तो त्यांना जेवू घालतो. विनवणी मात्र त्यानेच करायची असते. मी ठरवलं की झुनिल्दाच्या वतीने मी करणार. दहा घरी गेलो. दहाही घरं म्हणाली, "अरे, बरं झालं, तो उकिरडा बघवत नव्हता." माझी बायको मिल्काओच्या भाकऱ्यांसाठी बटाटे किसता किसता म्हणाली, "वाफ्यात पाय दिल्याबद्दल तिने तुमचं तोंड सुजवलं होतं. नांगर दिल्याबद्दल काय करेल, विचार केलाय?"

"ती रडेल," मी म्हणालो. "आनंदाने."

"रडेल तर कोणीतरी नक्की," बायको म्हणाली.

मी सगळं जुळवून आणलं होतं. सकाळी बेलार्मिनो नांगर धरणार, बाकीचे कचरा बाजूला ओढणार, चर्चची देखभाल करणारा सॅक्रिस्टन रेमिखियो अ‍ॅकॉर्डियन वाजवणार, आणि काम संपता संपता मी डोन्या झुनिल्दाला होडीतून घेऊन येणार. होडीत ती पोटावर उशी धरून बसली होती. डॉक्टरने महिनाभर काही उचलू नका म्हणून सांगितलं होतं.

"माझ्या बागेत कुणी गेलं होतं का रे?"

"छे!"

"मग असा हसतोयस काय, गाढवासारखा?"

तेवढ्यात होडीने बेटाचं टोक ओलांडलं आणि टेकडी दिसली. खालच्या अंगाला शेवाळ पसरलेलं होतं तसंच. वरचा अर्धा भाग उघडा, काळा, ओला आणि सरळ रेघांनी आखलेला. अ‍ॅकॉर्डियन ऐकू येत होतं. बेलार्मिनोने आमच्याकडे टोपी हलवली.

झुनिल्दाने उशी माझ्या हातात दिली, माझं वल्हं घेतलं आणि होडी काठाला लागायच्या आधी कमरेभर पाण्यात उडी मारली.

मी तिच्यामागे धावलो, हे माझं चुकलं. "डोन्या, टाके!" असं ओरडत मी तिच्या खांद्याला हात लावला, तिने मागे न बघता वल्हं फिरवलं, आणि माझं गळ्याजवळचं हाड वाळक्या काटकीसारखं मोडलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. पुढचं मी वाळूवर आडवा पडून पाहिलं.

रेमिखियो पहिला सापडला. त्याने अ‍ॅकॉर्डियन ढालीसारखं पुढे धरलं, तिने त्यातून पाय आरपार घातला, आणि त्यातून एक सूर निघाला जो चर्चमध्ये कुणी कधी ऐकला नव्हता. दोन भाऊ काटेरी कुंपणावरून पळाले. एकाची विजार कुंपणातच राहिली. कुणाच्या तरी कानातून रक्त येत होतं. मिल्काओचं भांडं टेकडीवरून खाली आलं आणि माझ्या शेजारून समुद्रात गेलं.

बेलार्मिनो मात्र हलला नाही. रुमणं हातात धरून उभा राहिला.

"कोमाद्रे, जरा शांत व्हा. बघा तरी, किती सुंदर माती निघालीये!"

"निघालीये?" तिचा आवाज फाटला. "सहा वर्षं मी ती पाठीवरून वर आणली, कोम्पाद्रे! ओहोटीची एक वेळ चुकवली नाही! सहा वर्षांत वीतभर झाली! आणि आपण ती उघडी करून पावसाला वाढून ठेवलीत!"

आणि तिने वल्हं त्याच्या तोंडावर मारलं. त्याचं नाक एका बाजूला गेलं, दोन दात दुसऱ्या बाजूला. तो गुडघ्यांवर बसला आणि रक्त तिच्या मातीत पडलं. बैल बुजले. नांगर मागे उसळत क्लावेल आणि लिंदो उतारावरून धावले, सरळ खालच्या अर्ध्याकडे, जिथे शेवाळ अजून जसंच्या तसं होतं. फाळ आत शिरला असता तर सहा वर्षांतलं काही उरलं नसतं. सगळे बाजूला झाले. बेलार्मिनो तोंडातून रक्त गाळत ओरडला, "कोमाद्रे, सरका! मराल!"

ती वाफ्याच्या कडेला उभी राहिली आणि वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन क्लावेलच्या दोन डोळ्यांच्या मध्ये आणलं. वल्ह्याचे दोन तुकडे झाले. बैल पुढच्या गुडघ्यांवर बसला, त्याच्या जोखडाने लिंदोची मान खाली ओढली, नांगर उलटा होऊन फाळ आकाशाकडे गेला. शेवाळापासून दीड हातावर. झुनिल्दाच्या झग्यावर पोटापाशी लाल डाग पसरत होता. नऊपैकी पाच टाके सुटले होते.

तेव्हा पहिला थेंब पडला.

तिने वर बघितलं, मग त्या उघड्या मातीकडे. इतका वेळ तिच्या तोंडावर राग होता. आता भीती दिसली.

"झाका," ती म्हणाली. मग ओरडली, "बघताय काय, मुडद्यांनो? झाका!"

आणि दहा घरचे लोक, लंगडणारे, रक्ताळलेले, एक तर विजारीवाचून, त्या उघड्या अर्ध्यावर धावले. बाजूला ओढलेला सगळा कचरा परत टाकला. तो पुरेना. माझ्या होडीची ताडपत्री आली, मासेमारीची जाळी आली, कुणीतरी घरून गाद्या आणल्या. बेलार्मिनोने आपला लोकरीचा पोन्चो डोक्यातून काढला, तोंडातलं रक्त त्याला पुसलं आणि मातीवर अंथरला.

"कोम्पाद्रे," झुनिल्दा म्हणाली, एका हाताने पोट धरून, "आपण वाफ्यात उभे आहात."

"दात शोधतोय, कोमाद्रे."

"मार्चमध्ये बटाट्यांबरोबर निघतील. बाहेर या."

तिचे टाके पुन्हा घातले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आमच्या दवाखान्यातल्या नर्सने. माझं हाड दीड महिना बांधलेलं होतं. क्लावेल तीन दिवस भिंतीकडे तोंड करून उभा होता. पोलीस आले, त्यांनी विचारलं तक्रार कुणाची. बेलार्मिनो म्हणाला, "पडलो." रेमिखियो म्हणाला, "अ‍ॅकॉर्डियन पण पडलं."

त्यानंतर सबंध वसंतभर, प्रत्येक ओहोटीला, दहाही घरचे लोक टोपल्या भरभरून शेवाळ वर वाहत होते. ती मोडक्या वल्ह्याचा अर्धा तुकडा घेऊन दारात खुर्ची टाकून बसायची आणि कुणी वाटेबाहेर पाय टाकला की तो तुकडा फेकून मारायची. नेम चांगला होता. ऑक्टोबर संपता संपता दोन्ही अर्धे सारखे झाकले गेले आणि दोन्हींत बटाटे पडले. मग सुरू झाला वाद. डिसेंबरात बेलार्मिनो रोज कुंपणाशी यायचा आणि गेलेल्या दातांतून शिटी वाजवत म्हणायचा, "कोमाद्रे, नांगरलेल्या भागातली पानं जास्त हिरवी आहेत हां."

"घाबरलेली आहेत ती," झुनिल्दा म्हणायची. "मार्चला पोती मोजू. माझ्या अर्ध्यात कमी निघाले तर पुढच्या वर्षी नांगर आपणच घाला, मी बैलांना पाणी पाजीन."

"आणि जास्त निघाले तर?"

"तर तो नांगर मी चुलीत घालीन, आणि आपण फुंकायचं."

बेलार्मिनोने लगेच हात पुढे केला. बेटावर दोन तट पडले. माझ्याच घरात मी आणि बायको दोन बाजूंना होतो, आणि एकदा तर तिने लाटणं उचललं. मार्चसाठी चिचा, म्हणजे सफरचंदाची दारू, मुरत ठेवली होती. रेमिखियोने अ‍ॅकॉर्डियनला चामड्याचं ठिगळ लावून घेतलं होतं.

जानेवारीच्या शेवटी बेटभर करपा आला. चार दिवसांत दोन्ही अर्ध्यांतली पानं काळी पडली आणि बटाटे जमिनीवरच सडले. त्या वर्षी सगळ्या बेटाने पलीकडच्या मुख्य भूमीवरचे, ओसोर्नोचे बटाटे विकत घेऊन खाल्ले. ते मीच होडीतून आणले.