बोरिवलीहून मुंबईला

आई मोरीत घसरली आणि डोक्यावर आपटली. बोरिवलीतल्याच एका हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाई तिची स्मृती तपासत होत्या.

"आजी, आत्ता आपण कुठल्या शहरात आहोत?"

"बोरिवलीत."

"म्हणजे मुंबईत ना?"

"छे गं! मुंबईला मी दिवाळीत गेले होते."

डॉक्टरांचा चेहरा पडला. माझा मात्र जीव भांड्यात पडला.

लालबागची चाळ सोडून आम्ही इथे आलो तेव्हा आमच्या बिल्डिंगमागे भातशेती होती. वडील रोज डबा घेऊन "मुंबईला" कामाला जायचे. पुढे शेतांवर सोसायट्या आल्या, सोसायट्या पाडून टॉवर आले, मेट्रो आली. नकाशा काहीही म्हणो, दादरला साडी घ्यायला निघालेली आई अजून "मुंबईला जाऊन येते" असंच सांगते. मीही तेच म्हणतो. मग माझंही डोकं तपासा!

हे सगळं मी सांगितल्यावर डॉक्टर हसल्या. तरी खात्री करायला त्यांनी विचारलं, "आजी, मी वसईला राहते. ती तरी मुंबई का?"

आई ताडकन उठून बसली.

"अगं बाई! रोज गावाहून येतेस?"