बसेल त्याचे माइल्स

तिकीटताई हे काही तिचं नाव नव्हतं, पण ऑफिसात तिला दुसऱ्या नावाने हाक मारलेली कुणाला आठवत नसे. पाकिटं बंद करणारी यंत्रं बनवायची आणि ती बिघडली की दुरुस्तीला माणसं पाठवायची, हा त्या कंपनीचा धंदा. यंत्र कुठेही बंद पडायचं, आणि पडलं की तिथला कारखानदार फोनवर आकाशपाताळ एक करायचा. मग जिन्याखालच्या टेबलाशी बसलेली ही बाई कानाला फोन लावून, एका हाताने चहा ढवळत, दहा मिनिटांत इंजिनिअरचं तिकीट काढायची. कुठल्या विमानतळावर विमान बदलायला पाऊण तास पुरत नाही, कुठलं विमान कायम उशिरा सुटतं, कोणाला खिडकी लागते आणि कोणाला वाटेकडची सीट, सगळं तिला तोंडपाठ. ती स्वतः आयुष्यात दोनदा विमानात बसली होती, दोन्ही वेळा मधल्या सीटवर.

लग्न केलं नाही, म्हाताऱ्या आईजवळ राहते, म्हणजे हिला वेळच वेळ असणार, असा ऑफिसचा समज. त्या समजापायी तिचे किती रविवार गेले त्याला गणती नाही.

ती लागली त्याच वर्षी बँकेने कंपनीचं क्रेडिट कार्ड थांबवलं होतं. एक इंजिनिअर परदेशात अडकलेला, परतीचं तिकीट तासाभरात काढायला हवं होतं. मालक म्हणाले, "ताई, आजच्या दिवस तुमचं कार्ड वापरा, महिनाअखेर पैसे देतो." तो आजचा दिवस अकरा वर्षं चालला. पैसे मालक देत, नाही असं नाही. पण दोनदा त्यांना उशीर झाला, आणि तेव्हा बँकेच्या माणसांनी फोन करून दम भरला तो तिच्या आईला, मालकांच्या आईला नव्हे.

आता या कामात दोन प्रकारची कमाई असते, आणि ती वेगवेगळ्या माणसांच्या खात्यात जाते. विमान कंपनी माइल्स देते, ते सीटवर बसणाऱ्याला. तिकिटाचे पैसे कोणी का भरले असेनात, ज्याचं बूड सीटला टेकलं त्याचे माइल्स. कार्डाची बँक पॉइंट्स देते, ते ज्याच्या नावाचं कार्ड त्याला. इंजिनिअरांचे माइल्स इंजिनिअरांना मिळत होते. सगळ्यात मोठे इंजिनिअर तर इतके फिरले होते, की विमान कंपनीने त्यांना सोनेरी बिल्ला दिला होता. तो बॅगेला लावून ते मिरवत, म्हणून त्यांना गोल्डसाहेब म्हणत. माणूस तसा भला, पण पोटात काही राहायचं नाही.

आईला हा हिशोब कधीच पटला नाही. "मैल चालणाऱ्याला मिळावेत," ती म्हणायची, "बसून कसले मैल?"

मग तिकीटताई तिला तांदळाचं उदाहरण द्यायची. कार्डाचे पॉइंट्स म्हणजे डब्यातले कच्चे तांदूळ. टिकतात, आणि त्यांचं काय करायचं ते आपण ठरवायचं. बँकेच्याच दुकानातून तिकीट घ्या, इस्त्री घ्या, नाहीतर एखाद्या विमान कंपनीचे माइल्स करून घ्या. माइल्स म्हणजे शिजवलेला भात. त्याच कंपनीच्या ताटात खायचा, आणि मुदतीत खायचा. पण योग्य वेळी शिजवला तर त्याच तांदळात दुप्पट माणसं जेवतात. एकदा शिजला की त्याचे तांदूळ मात्र परत होत नाहीत. म्हणून तिने अकरा वर्षं डब्याला हात लावला नव्हता. डब्यात चार लाख पॉइंट्स झाले होते.

हात लावायची वेळ अक्काच्या फोनने आली.

अक्का म्हणजे तिची मोठी बहीण, नऊ तासांच्या विमानप्रवासावर दूर देशात राहणारी. तिच्या डोळ्यांचे पडदे निकामी होत चालले होते. या दुखण्यात कडेचं दिसतं आणि मधलं पुसलं जातं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, केस दिसतात, चेहरा तेवढा नाहीसा होतो. डावा डोळा गेलाच होता. उजव्याने, भर उजेडात आणि अगदी जवळून, अजून दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, चारपाच महिने धरून चाला.

"आईला घेऊन ये," अक्का म्हणाली. "फोनच्या पडद्यावर मला नुसती राखाडी टिकली दिसते गं. मला तिचा चेहरा बघायचाय. नंतर मग चालेल."

ती स्वतः येऊ शकत नव्हती. दर पंधरा दिवसांनी डोळ्यात इंजेक्शन होतं, आणि ते चुकलं तर चार महिन्यांचे चार आठवडे व्हायचे. आईची वेगळी तऱ्हा. गेल्या वर्षी पाठीचा मणका दबलेला, तासाभराहून जास्त बसवत नसे. नऊ तास बसून जायचं तर पोचेपर्यंत तिचे हाल कुत्रा खाणार नाही. आडवी होता येईल अशी पुढच्या वर्गाची सीट हाच एक मार्ग होता, आणि त्या सीटच्या किमतीत तिकीटताईचा वर्षाचा पगार गेला असता.

पण तिचा सगळा जन्म हेच करण्यात गेला होता. तिने हिशोब मांडला. पॉइंट्स बँकेच्या दुकानात खर्चले तर दोन साधी तिकिटं मिळत होती, म्हणजे आईच्या कामाची शून्य. त्यांचे माइल्स केले तर दोनाला एक या भावाने दोन लाख होत होते. आईला पुढची आडवी सीट, जाऊन येऊन, एक लाख चाळीस हजार. तिला मागची साधी, साठ हजार. बरोबर दोन लाख, वर फुटका मैल उरत नव्हता. अडचण एकच. माइल्सवर द्यायला विमान कंपनी अशा सीटा फार थोड्या सोडते, त्याही तिच्या मनात येईल तेव्हा. तिकीटताई रोज सकाळी चहाआधी बघत होती. एकोणिसाव्या दिवशी दिसल्या. एकाच विमानात, जाताना आणि येताना, पुढे एक, मागे तीन.

तिने तेव्हाच बटण दाबायला हवं होतं. पण भात शिजवायचा तर आधी जेवणाऱ्याची खात्री हवी. तिने रजेचा अर्ज मालकांच्या टेबलावर ठेवला आणि सहीची वाट बघत बसली. इथवर ठीक होतं. पुढची चूक तिच्याच धंद्याची होती. असा सौदा हाती लागला की तो जाणकाराला सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि ऑफिसात जाणकार एकच होते. तिने गोल्डसाहेबांना सांगितलं. ते इतके खूश झाले की दुपारच्या डब्याला त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. "शिका जरा. चार लाख पॉइंट्स जमवलेत बाईने, आईला झोपवून नेतेय."

त्या सगळ्यांत जावईबापू होते. मालकांचे जावई, दोन वर्षांपूर्वी कंपनीत आले आणि हिशोबाच्या खोलीत बसले. आयत्या बिळावर नागोबा, असं लोक म्हणत, अर्थात ते जिना चढून गेल्यावर. संध्याकाळपर्यंत तिकीटताईला कागद आला. कंपनीच्या खर्चावर जमलेले पॉइंट्स ही कंपनीची मालमत्ता आहे, त्यांना हात लावू नये, सोमवारी अकरा वाजता बैठक.

शनिवार-रविवार ती सीटा बघत राहिली. रविवारी मागच्या साध्या सीटा तीन होत्या त्यातली एक उरली. पुढची एकच होती, ती अजून होती. आई कपाटातून बॅग काढून पुसत होती. तिला सांगायचं धाडस झालं नाही.

"दाब की ते बटण," गोल्डसाहेब रविवारी फोनवर म्हणाले. त्यांचा आवाज पडलेला होता. "चुकलो मी, माझ्या तोंडाला कुलूप नाही. पण तू दाबून मोकळी हो. मग काय करणार आहेत ते?"

"चोरी करायची असती तर गुपचूप केली असती," ती म्हणाली. "मी नाही केलेली चोरी."

सोमवारी ती लॅपटॉप काखोटीला मारून वर गेली. लांब टेबल, एका टोकाला मालक, शेजारी जावईबापू, भिंतीकडेने चार इंजिनिअर. रजेचा अर्ज मालकांसमोर सही नसलेला पडला होता.

जावईबापूंनी सुरुवात केली. पैसे कंपनीने भरले, तेव्हा पॉइंट्स कंपनीचे. ते कंपनीच्या प्रवासाला वापरले जातील. ताईंच्या सेवेची जाणीव आहे, एखादं भेटकार्ड देण्याचा विचार करता येईल.

भेटकार्ड या शब्दावर तिचं डोकं फिरलं, पण आवाज चढला नाही.

"म्हणजे ज्याचे पैसे त्याची कमाई," ती म्हणाली. "हाच नियम ना? नीट सांगा, मला लिहून घ्यायचंय."

"हाच."

"मग माइल्सचं काय करायचं? तिकिटंही कंपनीच्याच पैशांची होती." तिने भिंतीकडे पाहिलं. "गोल्डसाहेब, तुमचे सहा लाख दहा हजार. आजच भरून टाका." मग तिने उरलेल्या तिघांचे आकडे एकामागून एक सांगितले. कागद लागला नाही. अकरा वर्षं प्रत्येक तिकिटावर त्यांचे सभासद क्रमांक तीच टाकत होती, हरवलेले माइल्स विमान कंपनीशी भांडून तीच मिळवून देत होती.

भिंतीकडेची खुर्ची करकरली. आतापर्यंत इंजिनिअरांना ही एकट्या ताईची भानगड वाटत होती.

"ते वेगळं आहे," जावईबापू म्हणाले. "प्रवासाचा त्रास त्यांनी काढला. बसेल त्याचे माइल्स, असा जगाचा नियम आहे."

"मग कार्ड ज्याचं त्याचे पॉइंट्स, हाही जगाचाच आहे. बसण्याचा त्रास त्यांनी काढला, भरण्याचा मी काढला. पैसे थकले तेव्हा बँकेने कंपनीला फोन नाही केला. माझ्या आईला केला. ब्याऐंशी वर्षांची बाई फोनवर माफी मागत होती, आपण काय केलंय ते माहीत नसताना." तिने श्वास घेतला. "आणि जावईबापू, तुमची लग्नानंतरची सहल तुमच्या सासऱ्यांच्या माइल्सवर झाली. पुढच्या वर्गाच्या दोन सीटा, तुम्हाला खिडकी. त्या सीटा मीच काढल्या होत्या. तेही कंपनीचे मैल होते ना? मग ती सहल परत करणार कशी, तेवढं सांगा."

गोल्डसाहेब छताकडे बघू लागले. जावईबापूंचे कान लाल झाले, आणि त्यांना जावईबापू म्हणतात हे त्यांना बहुधा त्या दिवशीच कळलं.

मालकांनी चष्मा काढला. "ताई, ताणू नका. अर्धे घ्या, अर्धे द्या. विषय संपवू."

माणूस तडजोड पुढे करतो तेव्हा त्याला आपण उदार आहोत असं वाटत असतं. अर्ध्यात तिची मागची सीट झाली असती. आई बॅग पुन्हा कपाटात ठेवून म्हणाली असती, बरं झालं, मला कुठे झेपणार होतं.

तिने लॅपटॉप उघडून टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा फिरवला. "हे पॉइंट्स माइल्स झाले की परत येत नाहीत. मी नाही, तुम्ही नाही, बँकही आणू शकत नाही. तुम्हा सगळ्यांसमोर करतेय. नंतर कोणी म्हणायला नको, लपवून केलं." आणि तिने बटण दाबलं. चार लाखाचं शून्य झालं. मग त्याच जागी उभ्याने तिने दोन्ही सीटा घेतल्या. घाईत आईचं नाव दोनदा चुकलं.

"ही रजा मी मंजूर केलेली नाही," मालक म्हणाले.

"मागायला आले होते. आता कळवतेय."

"गेलात तर परत यायचं कारण नाही."

"ते परत आल्यावर बघू," ती म्हणाली. "कार्ड मात्र आजपासून माझ्या पर्समधून बाहेर निघणार नाही."

विमानात आई पुढे आणि ही मागे, स्वच्छतागृहाला लागून. दोन तासांनी हवाई सुंदरी शोधत आली. पुढच्या आजींनी निरोप दिलाय, की पाठ दुखत नाही, गादी बरी आहे, आणि मुलीला काही खायला मिळालं का ते बघून या. तिकीटताईला हसू आलं आणि मग बराच वेळ रडू आलं. शेजारचा माणूस बिचारा खिडकीबाहेर बघत राहिला.

अक्काच्या घरी पोचल्या तेव्हा दुपारचं ऊन बैठकीच्या खोलीत आलं होतं. अक्काने आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, स्वतः गुडघ्यांवर बसली आणि मान तिरकी करून, नाकाला नाक लागेल इतकी जवळ गेली. वरून खाली, एकेक जागा, ती बघत होती.

"हा कपाळावरचा डाग कधीचा?"

"झाली की तीन वर्षं."

"फोनवर कधी दिसला नाही."

"फोनवर काय दिसतं, डोंबल," आई म्हणाली. "बघ सावकाश. मी कुठे पळून जात नाही."

तेवढ्यात तिकीटताईचा फोन वाजला. पडद्यावर मालकांचं नाव होतं. वाजायचा थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. कुठलं तरी यंत्र बंद पडलं असणार, कोणीतरी कुठल्या तरी विमानतळावर तिकिटाविना उभं असणार, हे तिला न उचलताच कळलं. अकरा वर्षांत तिने हा फोन दोनदापेक्षा जास्त कधी वाजू दिला नव्हता. तिने तो वाजू दिला.

"कुणाचा गं?" अक्काने न वळता विचारलं. "घे की, कामाचा असेल."

"असू दे," ती म्हणाली, आणि उठून तिने पडदा आणखी बाजूला सारला. "आई, उजेडाकडे तोंड कर जरा. तिला दिसू दे."