झगमगपूरचा हवालदार

झगमगपुरात कुणी दारूचा घोट घेतला की त्याच्या मनगटावरचा दिवा लाल व्हायचा. पत्ते कुटले, तंबाखू मळली, परक्या बाईकडे दोनदा पाहिलं, तरी लाल. सज्जनाचा दिवा हिरवा. त्या शहरात हाडामांसाचे पोलीस नव्हतेच. यंत्रहवालदार फिरायचा. लाल दिवा दिसला की "गुन्हा, गुन्हा, गुन्हा" असं तीनदा बोलून माणसाला उचलायचा. तो यंत्रहवालदार मी होतो.

शहर वगातलं होतं. नारायणगावच्या एका तमाशाच्या फडात मी कामाला होतो. साल दोन हजार तीन किंवा चार असेल. घरोघर केबल आली होती आणि सुपारी द्यायला येणारे गावकरी म्हणायचे, "राजा-परधान लई झालं राव, काय तरी नवं दाखवा." मग आमच्या सोंगाड्यानं सन तीन हजारातलं शहर लिहिलं. गणपतीच्या मांडवातल्या पळत्या माळा, रंगीत ट्यूबा, आणि आपोआप बोलणाऱ्या दुकानांच्या पाट्या. पाटीमागं कुणीतरी उकिडवं बसून बोलायचं. माझं अंग तेलाच्या पत्र्याच्या डब्यांचं, डोकं तुपाच्या डब्याचं, कपाळावर स्कूटरचा इंडिकेटर. मी सगळ्यांत उंच, म्हणून पार्ट मला मिळाला.

लोक खरे हसायचे ते पुढच्या भागाला. झगमगपूरचा नगरशेठ सकाळपासून पीत असायचा आणि आपल्या लाल दिव्यावर हिरवा जिलेटिन कागद गुंडाळायचा. (खरं तर लालवर हिरवा लावला की काळपट दिसतं, पण प्रेक्षक चालवून घ्यायचे.) हवालदाराला हिरवं दिसलं की सलाम. आता अडचण अशी, की रोज एक माणूस उचलल्याशिवाय हवालदाराची बॅटरी चार्ज होत नसे. मग नगरशेठच त्याला रोज एक माणूस द्यायचा. याला आमच्या वगात 'केस देणं' म्हणत, आणि हा शब्द सन तीन हजारातला नव्हता. हातभट्टीचा अड्डा असलेल्या गावात सगळ्यांना ठाऊक असतं, की मालक अधूनमधून चौकीला एक माणूस देतो. त्याच्या पिशवीत दोन बाटल्या सापडतात, केस लिहिली जाते, दंड होतो, गडी घरी येतो, अड्डा चालू राहतो.

नगरशेठचं काम सोंगाड्याच करायचा. आम्ही सगळे त्याला तात्या म्हणायचो. तो पुढं येऊन प्रेक्षकांना शिकवायचा, "द्यायचा माणूस कसा निवडायचा? लांबचा बघा! लांबच्याचं रडणारं दाराशी येत न्हाई. त्याला आधी पोटभर वाढा. मंग नाव इचारा, गाव इचारा, बापाचं नाव इचारा. पर मायेनं हां!" मग तो लाल दिव्याच्या गरिबाला पुरी भरवायचा, आणि लोक शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घ्यायचे. मी शेजारी डब्यात उभा. डब्यात सगळं घुमून ऐकू येतं. हे बोलणं मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा अर्थ कानातून पार होऊन जायचा.

मी नांदेडकडचा. आठवीत शाळा सुटली, आणि फिरत फिरत नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलायला लागलो. एकदा तापानं फणफणून रस्त्याकडेच्या एका राहुटीच्या सावलीत आडवा झालो. ती या फडाची राहुटी. मालकिणीनं, म्हणजे बाईंनी, मला हाकललं नाही. गोळ्या आणवल्या, भाताची पेज दिली, आणि उठून बसलो तेव्हा एवढंच विचारलं, "काम करतो का?" कुठला, कुणाचा, काही नाही. त्या न विचारण्याचे उपकार माझ्यावर मोठे आहेत.

कारण घरी मी खोटं सांगितलं होतं. आमच्या बापाला वाटे, पोरगा टोमॅटोच्या व्यापाऱ्याकडं दिवाणजीच्या हाताखाली आहे. अधूनमधून मी एसटीडी बूथवरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावायचो, कुणीतरी बापाला बोलावून आणायचं. तो विचारायचा, "शेठ बरे हायत का?" मी म्हणायचो, "बरे हायत." तमाशाचं नाव काढलं असतं तर बापानं पुन्हा फोनला हात लावला नसता. आणि एक गोष्ट मी लहानपणी पाहिली होती. गावातला एक जण पुण्यात कसल्याशा केसमध्ये सापडला. त्याच्या चौकशीला पोलीस पाटलाकडं विचारणा आली, आणि दिवे लागेपर्यंत सगळ्या गावाला कळलं. त्याचा बाप पुढं देवळातसुद्धा मागच्या दारानं जायचा. मला मार खायची भीती नव्हती. भीती त्या विचारणेची होती.

त्या वर्षी आंबेगाव तालुक्यातल्या एका गावाची जत्रा आम्हाला होती. गावाचं नाव सांगत नाही. तात्याची रीत अशी, की गावात उतरलं की आधी सलूनमध्ये दाढीला बसायचं आणि गावातलं काय-काय ते काढून घ्यायचं. तिथं त्याला कळलं की अड्डा पिठाच्या गिरणीमागं आहे. मग झगमगपुरातही अड्डा गिरणीमागं निघाला. लोक बाकावर उभे राहिले. बंदोबस्ताला आलेला तिथला हवालदार पुढच्याच खुर्चीत होता. तो डोळे पुसत हसला आणि ओरडला, "अहो, हे झगमगपूर कोणच्या हद्दीत येतं?" तात्या पटकन म्हणाला, "तुमच्या न्हाई साहेब, तुमच्याकडं कुठं असलं काय व्हतंय?" तो आणखी हसला. मला ते हसू आवडलं नाही. डब्याच्या भोकांतून बघायची सवय झाली की माणसाचा फक्त एक तुकडा दिसतो, आणि त्याचे डोळे हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं हजेरी होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी फडानं उन्हात, देवासमोर दोन-चार गाणी म्हणायची, ही इकडची रीत. ती संपते न संपते तो हवालदार आमच्या ट्रकपाशी आला.

"लई हसवलं तुमी. हसू पार वर साहेबांपर्यंत गेलं."

"झालं काय?" बाईंनी विचारलं.

"वेळ उलटून गेल्यावर खेळ चालला, हावभाव वाईट व्हते, असं काय तरी लिवावं लागंल. मला वैयक्तिक काय न्हाई. एक माणूस द्या. दुपारपर्यंत. न्हाई तर पुढच्या गावाचा परवाना अडकंल बघा."

"बघते," बाई म्हणाल्या.

मी ट्रकच्या फाळक्यावर बसून इंडिकेटरची वायर जोडत होतो. ऐकलं, आणि हात थांबला. माणूस द्या. पिठाच्या गिरणीमागचं वाक्य आमच्या ट्रकपर्यंत आलं होतं.

थोड्या वेळानं बाईंनी हाक मारली. "तुझं सगळं नाव काय रे?"

तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं.

"गाव?"

सांगितलं.

"बापाचं नाव? करतो काय तो? किती लांब पडतं हितनं?"

आवाज मायेचा होता. एकेक उत्तर देत गेलो. बाप काय समजून आहे तेही सांगून टाकलं, का ते माहीत नाही. त्या ऐकत होत्या आणि पानाचा देठ खुडत होत्या.

मग जेवण. गावानं मटण दिलं होतं. रोज आधी ढोलकीवाल्याला आणि गाणाऱ्या बायांना वाढतात, माझ्यासारखे शेवटच्या पंगतीला. त्या दिवशी तात्यानं मलाच पुढं बसवलं आणि आपल्या हातानं नळी वाढली. "खा नांदेडकर. दमला असशील."

"आज काय इशेष, तात्या?"

"जत्रा हाय की! खाताना पंचांग बघतो का काय?"

सगळे हसले. मला वाटलं जरा जास्तच हसले. गवळणीतल्या दोघी कुजबुजत होत्या, मी पाहिलं तशा गप्प झाल्या. ढोलकीवाल्यानं माझी पिशवी उचलून ट्रकमध्ये पुढं, बाईंच्या बसायच्या जागेपाशी ठेवली. मी विचारलं का, तर म्हणाला, "मागं कडबा भरायचाय." खरं असेल. पण कडबा मला कुठंच दिसेना. मी घास चावत होतो आणि वगातली ओळ घासाबरोबर फिरत होती. आधी पोटभर वाढा. लांबचा बघा.

हात धुवायच्या निमित्तानं मी रस्त्यावर गेलो. वडापची जीप उभी होती, ड्रायव्हर बोनेट थोपटत ओरडत होता, "मंचर, मंचर! या पावणं, जागा हाय!" मागचा दांडा मी धरला. एक पाय पायरीवर टेकवला. मग डोक्यात आलं, पळालेल्याचं नाव लिहिणं तर सगळ्यात सोपं. नाव, गाव, बाप, सगळं मी स्वतःच तर देऊन बसलोय. आणि दुसरं असं, की पेज दिलेल्या माणसाला पाठ दाखवायला पाय उचलेना. ड्रायव्हर म्हणाला, "चढतो का दांडा उपटून नेतो?" मी दांडा सोडला.

परतलो तर तात्या वाटच बघत होता. "कुठं तडमडला? चल, डबा उचल. चौकीवर जायचंय."

चौकी म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओटा. मी सगळं पत्र्याचं अंग खांद्यावर घेऊन मागं मागं. बाई पुढं, ठेवणीतलं हिरवं लुगडं, तोंडात पान. हवालदार खुर्ची सरकवून उठला. "आणला का माणूस?"

"आणलाय," बाई म्हणाल्या. मी डब्याची कड इतकी आवळली की बोटाला कापलं. "मीच. फड माझा, परवाना माझा, वग माझा. लिवा माझं नाव." आणि त्या ओट्यावर मांडी घालून बसल्या.

"अवं बाई, तुमाला कसं घेऊ? बाईमाणसाला घ्यायचं तर बाई शिपाई लागती, ती तालुक्याला."

"बोलवा की. मला काय घाई न्हाई. बसते गुणगुणत."

आणि खरंच त्यांनी सूर लावला. जत्रेचं गाव ते. पाळण्यावाले, भेळवाले, आखाड्याकडं निघालेले पैलवान, सगळे ओट्यापुढं जमायला लागले. कुणीतरी मागनं म्हणालं, "आरं, चौकीतबी हजेरी हाय!" दुसरा म्हणाला, "गिरणीमागच्याला बी बोलवा!" हवालदाराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो इकडं तिकडं बघत होता, आणि बघता बघता त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"ह्यो कोण?"

बाईंचा सूर थांबला.

"लायटिंगवाला," तात्या म्हणाला.

"लई उंच हाय."

"बल्ब लावायला उंचच लागतो साहेब."

हवालदार माझ्या डोक्यापासून पायापर्यंत बघत राहिला, मग खांद्यावरच्या डब्यांकडं. डब्यातला मीच, हे त्याला कळलं होतं. मला कळलं होतं की त्याला कळलं. गर्दी वाढत होती. शेवटी त्यानं डब्यांवर टिचकी मारली. "हा पोलिसाचा खोटा गणवेश. मुद्देमाल म्हणून जप्त. घालणारा अज्ञात इसम." मग लिहिता लिहिता मोठ्यानं बोलला, "अंधाराचा फायदा घेऊन पसार."

"साहेब, दुपार हाय," तात्या म्हणाला.

"तू गप रे!"

मी माझं पत्र्याचं अंग उतरवून त्याच्या टेबलाशेजारी उभं केलं. इंडिकेटर काढून घ्यावासा वाटला. घेतला नाही.

ट्रक गावाबाहेर पडला तेव्हा मी पुढं बाईंच्या शेजारी होतो, माझ्या पिशवीजवळ. मग विचारलंच. "बाई, सकाळी माझं नाव-गाव का विचारलं?"

दुसरं काहीही सांगता आलं असतं. पुढच्या गावाच्या परवान्यासाठी, रेशन कार्डासाठी, मी मानलं असतं. त्या खिडकीतून बाहेर थुंकल्या आणि म्हणाल्या, "द्यायला. तुझंच नाव पयलं आलं तोंडात. मागं कुणी न्हाई, बोभाटा व्हनार न्हाई."

"मग?"

"मंग तू बापाचं सांगत बसलास. शेठ बरे हायत का म्हनं." त्या थोडं हसल्या. "लांबचा म्हणून सोपं व्हतं. लांबचा म्हणूनच जमंना. आता गप बस."

म्हणजे संशय खरा होता. नळी मला त्याचसाठी वाढली होती, आणि वाढून झाल्यावर त्यांचं मन बदललं, की आधीच, हे मी कधी विचारलं नाही. आज नारायणगावात माझं मांडवाच्या लायटिंगचं छोटं दुकान आहे, त्याला पहिला हात बाईंनीच दिला. तरी पंगतीत कुणी मला आधी वाढलं की मी अन्नाकडं नाही, वाढणाऱ्याच्या तोंडाकडं बघतो. बायको म्हणते, असं काय बघता चोरासारखं. बाईंवर विश्वास बसला तो त्यांनी मला दिलं नाही म्हणून नाही. देणार होत्या, हे तोंडावर सांगितलं म्हणून.

पुढच्या गावाला डबे नव्हते. तोंडाला चंदेरी रंग फासून मी तसाच उभा राहिलो. पहिल्यांदा प्रेक्षकांना माझा चेहरा दिसत होता आणि मला ते सगळे, अख्खे. तात्यानं लाल दिव्याच्या गरिबाला पुरी भरवली, आणि वगात नव्हतं ते करून दुसरी पुरी माझ्यापुढं धरली. "घ्या हवालदार! आज तुमची बी पाळी."

लोक हसले. मी पुरीकडं बघितलं, मग तात्याकडं. यंत्र खात नसतं. पण भूक लागली होती. मी ती खाल्ली.