तोकुजीचं हसू

जपानातल्या नोतोच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात केस कापायला आणि सिनेमा समजून घ्यायला एकच दुकान होतं, शिगेनोचं. गालावर वस्तरा फिरवताना ती सांगायची, "टोळीवाल्यांच्या सिनेमात दगा कोण देणार हे ओळखायचंय? तलवारीकडे बघू नका. सगळ्यात मायेनं साके कोण ओततंय, ते बघा." गिऱ्हाइकाला हसायची सोय नसायची. गळ्याशी धार असायची.

रविवारी दुपारी सोबा शेवयांच्या दुकानाच्या माडीवर सिनेमामंडळ भरायचं. खेळ संपला की प्रत्येकानं एकाच प्रसंगावर बोलायचं, असा रिवाज. मंडळ काढलं होतं इसामूनं. तो शिगेनोच्या धाकट्या भावाचा, तोकुजीचा, जिवलग. तोकुजी माकुळं पकडायला होडीवर गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून इसामूही तिला ताई म्हणू लागला. आपल्या हातकॅमेऱ्यानं पूर्वी टिपलेला एक छोटा रोल त्यानं तिला आणून दिला. तोकुजी वाळूतून पळतो, वळतो, हसतो. देवघरात फोटो होता, पण फोटोतला तोकुजी वळत नव्हता. रोलची दुसरी प्रत नव्हती.

त्या वसंतात इसामू साकेची बाटली घेऊन आला. तिचा पेला त्यानंच भरला, काठोकाठ. "ताई, रोलवर बुरशी चढली असेल. दे, साफ करून आणतो."

तिनं दिला.

पानगळ सुरू झाली तेव्हा माडीवर इसामूचा नवा सिनेमा लागला. प्रयोग आहे, म्हणाला. गोष्ट नाही, आवाज नाही. पांढरे ओरखडे पडद्यावर पावसासारखे कोसळत होते. त्यामागे वाळू, आणि वाळूतून पळणारा एक मुलगा. शिगेनोनं ती चाल ओळखली. मुलगा वळला. चेहऱ्याच्या जागी सुईनं खरवडलेलं भगदाड होतं, थरथरणारं.

मंडळी भारावून बोलली. काळ, विस्मरण, समुद्र. मग तिची पाळी आली.

"शेवटी तो हसतो," शिगेनो म्हणाली. "ते काढलंय."

"ताई, चेहरा नाही म्हणून तर तो सगळ्यांचा झाला," इसामू हळूच म्हणाला.

"सगळ्यांचा कशाला करायचा? माझा होता ना."

खाली सोबावाला कुणावर तरी ओरडत होता. माडीवर मात्र कुणी चहाच्या पेल्यालाही हात लावला नाही.

पुढच्या आठवड्यात इसामू दुकानात आला. सिनेमा घेऊन टोकियोला निघाला होता. "छान दाढी कर हं, ताई. मोठी माणसं येणार आहेत." त्यानं मान मागे टाकली, डोळे मिटले. अजूनही त्याला तिचा इतका भरवसा होता, याचाच तिला जास्त राग आला. सिनेमात इथं कॅमेरा पात्यावर येतो, वाद्यं थांबतात. हा प्रसंग तिनं अख्ख्या गावाला समजावला होता.

तिनं एक गाल गुळगुळीत केला. मग वस्तरा पुसला, मिटला, खणात ठेवला.

"झालं."

"अगं, ही बाजू? ताई, थट्टा करतेस का?"

"ताई म्हणू नकोस."

फेस पुसत इसामू बाहेर पडला. शिगेनोनं दाराबाहेरचा, केशकर्तनाची खूण असलेला पट्ट्यांचा फिरता खांब बंद केला आणि त्याच खुर्चीत बसून डोळे मिटले. तोकुजी वाळूतून पळाला. वळला. आणि तिथं ओरखडे सुरू झाले.