बाईंनी दिलेलं कुक्कुटपालन

पुस्तक परत द्यायला गेलं की बाई आधी ते उलटंपालटं करायच्या आणि चष्म्यावरून विचारायच्या, "वाचलंत, की नुसतं घरी फिरवून आणलंत?"

आमच्या धायरीच्या वाचनालयात यालाच स्वागत म्हणायचे. एकदा माझ्या पुस्तकावर त्यांना आमटीचा डाग सापडला. "का हो, घरी ताटं नाहीत का?" सगळ्यांदेखत!

धायरी गाव होतं तेव्हा बाईंच्या वडिलांनी विहाराशेजारच्या खोलीत, दोन खोकी पुस्तकांवर हे वाचनालय सुरू केलं होतं. त्यामुळे पुस्तकं ही बाईंची सख्खी भावंडं, आणि आम्ही सभासद त्यांच्या वाईटावर टपलेले. शनिवारच्या व्याख्यानात वक्ता लांबला की बाई उठून एकेक पंखा बंद करायच्या. समजूतदार वक्ते दुसऱ्या पंख्याला आभार मानत.

मग कार्यकारिणीला प्रगती सुचली. वातानुकूलित अभ्यासिका काढायची! म्हणजे मुलांनी आपापली पुस्तकं घेऊन आत बसायचं आणि वाचनालयाच्या पुस्तकांनी बाहेर जायचं. मार्चअखेरपर्यंत जे पुस्तक कुणी घरी नेणार नाही ते रद्दीत, असा ठराव झाला. बाई गप्प राहिल्या. आम्हाला वाटलं, थकल्या बिचाऱ्या.

थकतात कसल्या! एकावर दुसरं पुस्तक मागणाऱ्याला हाकलणाऱ्या बाई आता प्रत्येकाच्या पिशवीत पाच-पाच कोंबू लागल्या. माझ्या वाट्याला कुक्कुटपालनही आलं.

"अहो बाई, चौथ्या मजल्यावर मी कोंबड्या कुठे पाळू?"

"वाचायला कोंबडी लागत नाही. डोकं लागतं, तेवढं बघा जमतंय का." मग आवाज एकदम उतरला. "सांभाळा हो. मी मागेपर्यंत आणू नका."

रद्दीवाला टेम्पो घेऊन आला तेव्हा कपाटं रिकामी होती. उरले होते फक्त अध्यक्षांच्या सत्काराच्या स्मरणिकेचे गठ्ठे. ते बाईंनी कुणाच्याच पिशवीत घातले नव्हते. रद्दीवाल्याने तेवढे नेले. अध्यक्ष पुढे बरेच दिवस तिकडे फिरकले नाहीत.

गेल्या थंडीत बाई वारल्या. आता पुस्तक मागणार कोण, म्हणून परवा मीच ते कुक्कुटपालन घेऊन गेलो. अभ्यासिका मस्त गारेगार आहे. टेबलामागच्या गृहस्थांनी मोबाइलमधून मानही वर केली नाही. "ठेवा तिकडे," म्हणाले. तिकडे म्हणजे पाण्याच्या कूलरवर.

संताप आला आणि तिथेच, त्या शहाण्या मुलांसमोर, डोळे भरून आले. पुस्तक घेऊन घरी परतलो.

वाचलंय हो बाई, दोनदा. विचारा ना.